नाण्यांतील दोष व हानी

नाण्यांतील दोष व हानी : नाणे पाडताना टाकसाळीत राहिलेली उणीव म्हणजे दोष आणि टाकसाळीबाहेर पडल्यावर त्याला झालेली इजा म्हणजे हानी. जुन्या नाण्याचा लेख वाचण्यापूर्वी हा भेद ठरवावा लागतो.

ठशाला तडा गेला असल्यास चकतीचा धातू त्यात शिरतो व नाण्यावर उंचवट्याची रेषा उमटते. नंतरचा ओरखडा खोलगट असून त्याच्या कडेला सरकलेला धातू साचतो. ठसा एका बाजूस सरकला, तर लेखाचा काही भाग चकतीबाहेर जातो, पण वजन पुरे भरते. कातरलेल्या नाण्यात लेखाबरोबर वजनही घटते. आधीचे नाणे ठशातच चिकटून राहिल्यास पुढच्या चकतीवर एकच चित्र एका बाजूस उठावाचे व दुसऱ्या बाजूस उलटे, खोलगट उमटते.

परदेशी नाण्यांत हानीच अधिक आढळते. पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये मिळालेल्या रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव आहे. तो हेतुपुरस्सर घातलेला असला, तरी त्याच्या कारणाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. महाराष्ट्रात व्हेनिसची डुकाट नाणी त्यांवरील मानवाकृतींमुळे ‘पुतळी’ म्हणून ओळखली गेली व माळेत ओवली गेली. त्यांच्या कडेवरील डाग हा कडी जोडण्यासाठी दिलेल्या डाकाचा असतो. त्यास टाकसाळीचा दोष मानणे चुकीचे होय.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात (गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला) हा प्रश्न अधिक बिकट होतो. तत्कालीन चांदा जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात सातवाहनांची पोटिनची नाणी सापडली. चकतीपेक्षा ठसा मोठा असल्याने त्यांवर राजाचे नाव क्वचितच संपूर्ण येते. रॅप्सनने १९०८ मध्ये त्यांतील एक नाव ‘कृष्ण’ असे वाचले. पुढे वाशिम (तेव्हा अकोला) जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये मोठा निधी मिळाला आणि वा. वि. मिराशी यांनी ते नाव ‘कर्ण’ असल्याचे प्रतिपादिले. एका राजाचे अस्तित्व अशा एकदोन अक्षरांवर अवलंबून असते. चकतीबाहेर गेलेले अक्षर त्या नाण्यावर कधीच नव्हते. ते त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर शोधावे लागते. गंजाखाली झाकलेले अक्षर मात्र प्रयोगशाळेत पुन्हा दिसू शकते. सापडलेले नाणे चिंच वा राखेने घासल्यास गंजाबरोबर तेही जाते.