पितळी सुरांचा भागीदार : चिक चॉकलेट, सी. रामचंद्र आणि पुण्याचे बँडवाले

मराठी रसिकांच्या लेखी 'अलबेला' (१९५१) हा भगवानदादांच्या नाचाचा आणि सी. रामचंद्रांच्या चालींचा चित्रपट आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु याच चित्रपटातील गाणी पडद्याकडे न पाहता, एका सलग ध्वनिमुद्रिकेसारखी केवळ कानांनी ऐकली, तर त्यांत आणखी एका माणसाचा हात जाणवू लागतो. हा माणूस म्हणजे गोव्यातील हळदोण्याचा ट्रंपेटवादक आंतोनियो शावियेर वाझ (१९१६-१९६७), ज्याला मुंबईचे संगीतविश्व 'चिक चॉकलेट' या नावाने आणि कौतुकाने, विख्यात अमेरिकन जाझ-ट्रंपेटवादकाच्या नावावरून, 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखत असे. त्याला निव्वळ 'साथीदार' म्हणणे अपुरे आहे. त्या गाण्यांच्या नादाचा तो भागीदार होता.

ट्रंपेट हे वाद्य दिसायला सोपे आणि वाजवायला अत्यंत कठीण आहे. सुमारे दीड मीटर लांबीची पितळी नळी गुंडाळून ते घडवलेले असते आणि त्याला केवळ तीन कळा असतात. पहिली कळ दाबली की सूर पूर्ण स्वराने उतरतो, दुसरीने अर्ध्या स्वराने आणि तिसरीने दीड स्वराने. बाकीचे सारे काम ओठांचा ताण आणि फुंकीचा जोर यांवर चालते, कारण कळांच्या एकाच मांडणीतून ओठ आवळत किंवा सैल सोडत अनेक स्वर काढावे लागतात. कळ अर्धवट दाबून वादक एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो, आणि भारतीय कानाला ही घसरण मींडेच्या जवळची वाटते. चिक वाजवत असे ते जाझ म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेले, जागच्या जागी सुचणाऱ्या विस्तारावर उभे असलेले संगीत. आपल्याकडील उपज अंगाशी त्याचे जे नाते आहे ते अशाच जागांतून कळते.

हे वाद्य गोव्याच्या मुलांच्या हाती आले ते चर्चच्या अंगणातून. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, बँड वाजे. गोव्यात पोट भरण्याइतके काम नसल्याने ही साक्षर बोटे मुंबईच्या हॉटेलांत आली आणि चिकचा वाद्यवृंद १९४०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. चित्रपटसृष्टीला नेमकी हीच साक्षरता हवी होती. संगीतकार चाल गाऊन दाखवी, मग संयोजक, म्हणजे कोणत्या वाद्याने कोणता तुकडा वाजवायचा हे ठरवणारा जाणकार, ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वादकाच्या हाती त्याचा कागद देई. चिक हा अशांपैकीच एक.

सी. रामचंद्रांची, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांची वाट अगदी निराळी होती. विनायकबुवा पटवर्धनांच्या पुण्यातील गांधर्व महाविद्यालयात ग्वाल्हेर परंपरेचे संस्कार घेतलेला हा तरुण पुढे ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला चाली देणारा संगीतकार झाला. त्यामुळे पाश्चात्त्य नादाचे त्यांचे वेड हे आपल्या संगीताच्या अज्ञानातून आलेले नव्हते. 'शहनाई' (१९४७) आणि 'पतंगा' (१९४९) यांतील खेळकर गाण्यांमुळे त्यांच्यावर पाश्चात्त्यांच्या अनुकरणाचा शिक्का बसला, पण तो अन्याय आहे.

'अलबेला'च ऐकावा. 'शोला जो भडके' या लता मंगेशकर आणि स्वतः चितळकर यांनी गायलेल्या गाण्यात बोंगो या जोड-तालवाद्यावर क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन असा थाट आहे. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी बोरूच्या पातीने वाजतो म्हणून त्याची गणना काष्ठवाद्यांत होते, एवढा खुलासा येथे आवश्यक आहे. गायकाची ओळ संपते न संपते तोच वाद्यांकडून तिला उत्तर येते. हा सवाल-जबाब जाझचा प्राण आहे आणि तमाशाच्या फडात वाढलेल्या मराठी कानाला तो परका वाटण्याचे कारण नाही. त्याच चित्रपटात 'धीरे से आजा री' ही पिलू रागातील अंगाई येते, आणि एकाच गीतसंचात असे दोन टोकांचे नाद सुखाने नांदतात. 'दीवाना ये परवाना' या गाण्यात तर झालरीच्या बाह्यांचे लॅटिन धाटणीचे सदरे घातलेला चिक आणि त्याचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत राबलेल्या शेकडो वादकांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हे भाग्य आले. 'महल' (१९४९) मधील लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर जिथे 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले, तिथे ट्रंपेटवाल्याचे नाव कोण छापणार होते?

पुढच्या पिढीत पितळी वाद्यांचे काम बदलले. चर्चमधील भक्तिगायन आणि कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून अमेरिकेत 'सोल' हा गायनप्रकार घडला, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यावर जेम्स ब्राउनने त्यातून 'फंक' काढले. फंकमध्ये आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आपल्या भाषेत समेवर, सारा भार असतो, आणि ट्रंपेट लांब सूर न धरता तुटक फटकारे मारते, जणू तेही तालवाद्यच. आशा भोसले यांच्या आवाजातील, राहुल देव बर्मन यांच्या 'कारवाँ' (१९७१) चित्रपटातील 'पिया तू अब तो आजा' या गाण्यात हा फटकारा कुणालाही ओळखता येईल. इकडे मडगावचा क्रिस पेरी (१९२८-२००२) हा ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा संगीतकार लोर्ना कोर्देरोच्या आवाजात कोकणी गाणी जाझच्या अंगाने बांधत होता, आणि तेथे वादक पडद्यामागून पुढे येऊन तबकडीचा धनी झाला. पेरी आणि लोर्ना यांच्या संगीतातून स्फुरलेला 'नाचुया कुंपासार' हा बार्द्रॉय बार्रेतो यांचा चित्रपट राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला, ही घटना समाधानाची खरी.

पुण्याचा या कथेशी असलेला संबंध गांधर्व महाविद्यालयापाशी संपत नाही. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर येथे इंग्रजांची छावणी वसली, छावणीबरोबर पलटणींचे बँड आले, आणि देशात इतरत्र घडले त्याप्रमाणे ही लष्करी वाद्ये हळूहळू वरातीत आणि मिरवणुकीत उतरली. न्यू ऑर्लिन्सचे जाझही रस्त्यावरून चालत वाजणाऱ्या बँडांच्याच पोटी जन्मले, हे साम्य केवळ योगायोगाचे मानता येणार नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशांच्या गजरात प्रभात किंवा दरबार ब्रास बँडची रांग पुढे सरकते, तेव्हा क्लॅरिनेटवाला गायकाची ओळ घेतो, ट्रंपेट तिला वरच्या पट्टीत उत्तर देते आणि युफोनियम हे मंद्र आवाजाचे जाड पितळी वाद्य खालून आधार धरते. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणासाठी चिकसारख्यांनी कागदावर मांडलेली रचना येथे कानांनी टिपून, बारा-पंधरा माणसांत वाटून, भर उन्हात चालता चालता वाजवली जाते. हे काम कमी प्रतीचे समजणे ही रसिकतेतील मोठी उणीव आहे.

याहून मोठी उणीव अभ्यासाची आहे. आपल्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' हा ग्रंथ आणि मुंबईच्या चित्रपट-वादकांवर 'बिहाइंड द कर्टन' हा दुसरा ग्रंथ लिहिला तो न्यूझीलंडमध्ये अध्यापन करणाऱ्या ग्रेगरी बूथ यांनी. मुंबईच्या जाझचा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'मध्ये इंग्रजीत मांडला. मराठीत या विषयावर त्या तोलाचे काम व्हायला हवे, आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्या शहरात आहे त्या पुण्याने ते अंगावर घ्यायला हवे. ज्या वाचकांच्या घरी बँडमधील कुणा आजोबांची स्वरलिपीची वही, जुन्या तबकड्या किंवा वरातीचे छायाचित्र असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये, छायाचित्राच्या मागे वादकांची नावे आणि साल आजच लिहून ठेवावे, आणि ज्यांना ती नावे सांगता येतील अशी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे.