हजारातला एक डास

काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब. त्यात पंख-पाय काढून ठेवलेली डासाची मादी. एका सुईने छाती दाबून धरायची आणि दुसऱ्या सुईने पोटाचा शेवटचा भाग हलकेच ओढायचा. हात सरावलेला असेल तर जठर न तुटता बाहेर येते. मग डोके ओढायचे. त्याच्यामागोमाग लाळग्रंथींची जोडी येते, प्रत्येकीला तीन बोटे. वर पातळ काच ठेवून जराशी दाबली की ग्रंथी फुटते. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा काहीच आढळत नाही. पण एखाद्या वेळी दोन्ही टोकांना निमुळते, किंचित वाकलेले असंख्य धागे त्यातून बाहेर सांडतात. ते हिवतापाचे परजीवी. ही मादी पहाटे पकडली गेली नसती, तर येत्या रात्री कुणाला तरी चावली असती.

हिवतापाचा विचार आपण रुग्णांच्या आकड्यांवरून करतो. ताप येतो, रक्ततपासणी होते, नोंद होते. पण ती बातमी उशिराची असते. तिच्या आधीची बातमी गोठ्याच्या भिंतीवर आणि घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेल्या डासांच्या पोटात असते. ती वाचण्याची विद्या सव्वाशे वर्षे जुनी आहे आणि तिचे काही महत्त्वाचे धडे आपल्याच मातीत गिरवले गेले आहेत.

सिकंदराबाद ते अचलपूर

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाचे रक्त त्या डासाने घेतले होते. चाव्यामागे एक आणा असा त्याचा मोबदला ठरला होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात रॉसनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून परजीवी लाळग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो ते दाखवले. त्याच वर्षी माणसाच्या हिवतापाचे अ‍ॅनॉफिलीस डासांतले चक्र इटलीत शास्त्रज्ञ ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण उलगडले. पण रॉस यांचा सिकंदराबादचा डास अळीपासून वाढवलेला होता. मोकळ्यावर उडणाऱ्या डासांत परजीवी किती, हा प्रश्न उरलाच होता. 1899 साली सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनमध्ये लष्करी बराकीत पकडलेले डास उघडल्यावर त्याचे उत्तर मिळू लागले.

आपल्याकडे 1901 साली वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, डब्ल्यू. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने एका नव्या जातीचे वर्णन केले: अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. हीच जात पुढे मुंबईची वैरीण ठरली. अलेक्झांड्रा गोदीच्या बांधकामाच्या काळात गोदीत आणि आसपास हिवताप उसळला, तेव्हा लिस्टन यांनीच तिच्याकडे बोट दाखवले. 1911 साली चार्ल्स बेंटली यांच्या अहवालाने विहिरी आणि पाण्याची टाकी ही तिची जन्मस्थाने असल्याचे मांडले. विहिरी बुजवायच्या म्हटल्यावर श्रद्धेचा प्रश्न उभा राहिला. पारशी, हिंदू, जैन अशा अनेकांनी हरकती घेतल्या. आजही गच्चीवरची टाकी डास शिरणार नाही अशी झाकायला सांगतात, त्याचे मूळ त्या काळात आहे.

वयाचे गणित

बाधित डास इतके कमी का सापडतात? डासाने रुग्णाच्या रक्तातले परजीवी प्यायले, तरी त्यातले फार थोडे जठराची भिंत ओलांडतात आणि तिच्यावर गाठी धरतात. रानात पकडलेल्या बाधित मादीच्या जठरावर सहसा पाचाहून कमी गाठी असतात. मात्र एकेका गाठीतून हजारो परजीवी फुटून लाळग्रंथीकडे धावतात. या प्रवासाला उबदार हवेत साधारण दहा-बारा दिवस लागतात. थंडीत तो लांबतो, फार गारठ्यात थांबतोच. आणि डासाचे आयुष्यच मुळी बेताचे.

हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी 1950 च्या दशकात हेच गणितात बसवले. रोज शंभरांतले नव्वद डास जगत असतील, तर दहा दिवसांनी पस्तीस उरतात. रोज ऐंशी जगले, तर दहा दिवसांनी जेमतेम अकरा. सत्तर जगले, तर तीन. म्हणजे भिंतीवरची फवारणी प्रत्येक डासाला मारत नसली, तरी त्यांचे सरासरी वय थोडे कमी करते आणि परजीवीला पिकायला वेळच मिळत नाही. डास तेवढेच दिसतात, हिवताप मात्र ओसरतो. उलट डास कमी दिसत असले, पण म्हातारे होईपर्यंत जगत असले, तर धोका कायम असतो. म्हणून खरा प्रश्न डास किती, हा नाही; त्यात किती जुने आणि किती बाधित, हा आहे. आफ्रिकेतल्या काही गावांत एका माणसाला वर्षात शंभराहून जास्त बाधित चावे बसल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे शंभर डास उघडून एकही बाधित न मिळणे ही नेहमीची गोष्ट. तरी ताप येतोच.

एकच नाव, अनेक जीव

खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारी क्युलिसिफेसीज ही दिसायला एक जात, पण प्रत्यक्षात पाच सख्ख्या बहिणी आहेत: ए, बी, सी, डी, ई. त्यांतली बी बहुतेक ठिकाणी गुरांच्याच रक्तावर जगते आणि हिवतापाच्या बाबतीत जवळपास निरुपद्रवी असते. ओढ्याकाठच्या जंगलपट्ट्यात, गडचिरोलीसारख्या भागात, फ्लुव्हिएटिलिस जातीचे भय असते. तिच्यातली एस ही बहीण माणसाचेच रक्त शोधते आणि फार घातक ठरते. गोव्यात बांधकामांवरच्या साठलेल्या पाण्यात स्टीफेन्सी वाढते हे ठाऊक होते. पण गुरांना चावणारी म्हणून दुर्लक्षिलेल्या सबपिक्टस जातीच्या लाळग्रंथींतही माणसाचा परजीवी तिथे सापडला. डास उघडून पाहिले नसते, तर हे कळले नसते.

सगळ्याच बातम्या वाईट नसतात. मालीमध्ये रानातल्या माद्यांच्या संततीला बाधित रक्त पाजले, तेव्हा बऱ्याच कुटुंबांत परजीवी वाढलाच नाही. या निसर्गदत्त प्रतिकारशक्तीचा शोध 2006 साली प्रसिद्ध झाला. केनियात 2020 साली डासांच्या अंगात राहणारा एक सूक्ष्मजीव परजीवीला अडवतो असे आढळले. हे दोन्ही धागे प्रयोगशाळेत जन्मले नाहीत. कुणीतरी गावागावांत जाऊन डास पकडून आणले म्हणून ते हाती आले.

वाईट बातमी आपल्याच स्टीफेन्सीची. 2012 साली ती जिबूतीत, 2016 साली इथिओपियात सापडली. शहरी टाक्यांत वाढणारी असल्याने पावसाचे तिला बंधन नाही. 2022 च्या कोरड्या दिवसांत इथिओपियातल्या दिरे दावा शहरात रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे बारापट झाले. संशोधकांनी रुग्णांच्या घरांभोवतीचे डास पकडून तपासले आणि तिच्यात परजीवी मिळाला. अचलपूरला पहिल्यांदा वर्णिलेली मादी आता दुसऱ्या खंडातल्या शहरांना तापवते आहे.

आज डासांची डोकी आणि छाती एकत्र कुटून प्रथिनांची किंवा जनुकांची चाचणी करता येते. शेकडो नमुने एका दिवसात होतात. पण गुरांना चावणाऱ्या डासांत प्रथिनांची चाचणी कधी कधी खोटाच होकार देते. म्हणून द्रावण उकळून पुन्हा तपासावे लागते. आणि कोणतीही चाचणी असो, पहाटे टॉर्च आणि काचेची नळी घेऊन गोठ्यात शिरणारा कीटक समाहारक लागतोच.

साठच्या दशकात देशातले हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले होते. 1976 साली ते चौसष्ट लाखांवर गेले. रोग ओसरला की पहिली ढिलाई पाहणीत येते, असे मला वाटते. कारण धुराची गाडी सर्वांना दिसते, काचपट्टीवरचा थेंब कुणालाच दिसत नाही. हजार डास उघडून एक बाधित सापडावा, यात नऊशे नव्व्याण्णव वेळा हात रिकामा राहतो. तरीही त्या रिकाम्या पट्ट्या जपून नोंदल्या गेल्या पाहिजेत. पुढल्या तापाची पहिली खबर कुठल्या थेंबात मिळेल, हे त्या नोंदींशिवाय समजणार नाही.