विश्लेषण : सोसायटीच्या रंगकामात सर्वांत कमी दराचे कोटेशन महागात का पडते?

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या अनेक सोसायट्यांच्या विषयपत्रिकेवर तेव्हा एक विषय असतो, इमारतीचे बाहेरून रंगकाम. पावसाने भिंती नुकत्याच काळ्या केलेल्या असतात आणि काम पाऊस थांबल्यावर सुरू करायचे असते. सचिव तीन कोटेशन वाचून दाखवतात : चौरस फुटाला १८ रुपये, २० रुपये, २६ रुपये. ‘१८वाल्यालाच द्या’ असा आवाज येतो, विषय मंजूर होतो. चार-पाच महिन्यांनी अंतिम बिल येते, तेव्हा सभेत सांगितलेली रक्कम आणि बिलातली रक्कम यांचा मेळ बसत नाही. दर वेळी कंत्राटदाराने फसवलेलेच असते असे नाही. चौरस फुटाचा दर हा बिलातला फक्त एक आकडा असतो आणि सभेत चर्चा तेवढ्याचीच झालेली असते.

चौरस फूट नेमका कोणता?

इथे फ्लॅटच्या कार्पेट एरियाचा संबंध नाही. मोजली जाते ती बाहेरची भिंत. पण खिडक्यांचे काय? तिथे रंग लागत नाही, तरी अनेक कंत्राटदार भिंत सलग मोजतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इमारतीचा घेर ३२० फूट, उंची ७५ फूट. सलग माप झाले २४,००० चौरस फूट. त्यात ६ बाय ६ फुटांच्या १६० खिडक्या आहेत, म्हणजे ५,७६० चौरस फूट जागा उघडी. मात्र खिडकीच्या चारही बाजूंची जाडी रंगवावी लागते. ती अर्धा फूट धरली तर खिडकीमागे १२, एकूण १,९२० चौरस फूट वाढतात. प्रत्यक्ष रंगणारे क्षेत्र उरते २०,१६० चौरस फूट.

आता १८ रुपयेवाला सलग माप लावतो. बिल ४,३२,००० रुपये. २० रुपयेवाला वजावट देतो. बिल ४,०३,२०० रुपये. म्हणजे जास्त दराचे कोटेशन २८,८०० रुपयांनी स्वस्त पडले!

मापाचे नियम भारतीय मानक आयएस १२०० मध्ये आहेत. ढोबळ मानाने, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. तीन चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेची होते आणि बाजूची जाडी वेगळी मिळवली जाते. वरची ६ बाय ६ ची खिडकी साधारण ३.३ चौरस मीटरची आहे, म्हणजे ती वजावटीत बसते. छज्जे, डक्ट, ड्राय बाल्कनी, गच्चीच्या कठड्याची आतली बाजू मापात आहे की नाही, हेही निविदेतच लिहिलेले बरे. काम झाल्यावर यावर वाद घालून फारसे काही हाती लागत नाही.

रंगाखाली काय आहे?

बिल सर्वांत जास्त फुगते ते इथे. भिंत ठोकून पाहिली की काही ठिकाणी प्लास्टर पोकळ वाजते. ते काढून नवे करावे लागते. कोटेशनमध्ये ही बाब बहुधा ‘अंदाजित’ म्हणून असते आणि बिल प्रत्यक्ष मापाप्रमाणे होते. समजा, अंदाज ५०० चौरस फुटांचा होता, परांची बांधून वर गेल्यावर २,००० निघाले आणि प्लास्टरचा दर १०० रुपये आहे. वाढीव खर्च थेट दीड लाख रुपये. रंगाच्या दरात दोन रुपये वाचवण्यासाठी झालेली घासाघीस त्यापुढे काहीच नाही.

त्यामुळे कोटेशन मागवण्याआधी दुरुस्तीचे प्रमाण ठरवणे हा स्वस्तातला उपाय आहे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असतेच. तो अहवाल ताजा असेल, तर सगळ्या कंत्राटदारांना दुरुस्तीचे एकच प्रमाण देऊन दर मागवता येतात आणि तुलना खरी होते. समुद्राकडच्या इमारतींत पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंती पावसाचा मारा खातात. ओल तिकडूनच येते, म्हणून पाहणीही तिकडून सुरू करावी.

नव्या प्लास्टरला रंगापूर्वी साधारण २८ दिवस द्यावे लागतात. तेवढे दिवस परांची उभी राहते आणि बांबूचे भाडे कुणीतरी भरतच असते.

परांची की झुला?

झुल्यावर, म्हणजे दोरावर लटकून केलेले रंगकाम स्वस्त पडते, कारण बांबू, बांधणी आणि भाडे वाचते. नुसता रंग मारायचा असेल तर ते चालते. प्लास्टर मोठ्या प्रमाणात असेल तर परांची लागतेच. एकदा परांची बांधली, की गळके पाइप बदलण्याचे कामही त्याच वेळी उरकावे. दोन वर्षांनी पाइपसाठी पुन्हा बांबू बांधणे हा सोसायट्यांचा नेहमीचा, टाळता येणारा खर्च आहे.

झुल्यावरच्या कामगाराला हार्नेस आणि कामाच्या दोराहून वेगळा सुरक्षा दोर हवा. त्याचा विमाही हवा. या गोष्टींना पैसे लागतात आणि सर्वांत कमी दर देणारा बहुतेकदा यांनाच कात्री लावतो. कामगार पडला तर चौकशी पदाधिकाऱ्यांपर्यंत येऊ शकते, हे सभेत कुणी बोलत नाही.

डबे मोजा

बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर रंग गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना साधारण ५० ते ६० चौरस फूट पुरतो. वरच्या उदाहरणात ५५ धरले तर सुमारे ३६६ लिटर, म्हणजे २० लिटरचे १८-१९ डबे लागतील. भिंत खडबडीत असेल तर आणखी. आवारात १२ डबेच उतरले, तर एक हात गाळला किंवा पाणी जास्त घातले, असा संशय घ्यायला जागा आहे. म्हणून काही सोसायट्या रिकामे डबे अंतिम मापापर्यंत आवारातच ठेवून घेतात. प्रायमर आणि शेडचे नाव, कंपनी, हातांची संख्या कोटेशनमध्ये नसेल, तर ‘१८ रुपये’ कशाचे हे कळायला मार्ग नाही. कंपनीची वॉरंटीही ठरवून दिलेले प्रायमर आणि हात झाले असतील तरच लागू होते. तडे आणि गळती सहसा तिच्यात येत नाहीत.

करांचे काय?

रंगकामाच्या कंत्राटावर १८ टक्के जीएसटी आहे. वरच्या ४,०३,२०० रुपयांवर तो ७२,५७६ रुपये होतो. बहुतेक सोसायट्यांना त्याची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो खर्चातच धरायचा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या कंत्राटदाराला नोंदणी बंधनकारक नाही आणि नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी आकारताही येत नाही. म्हणून एकाचा दर करासह आणि दुसऱ्याचा कराशिवाय, अशी तुलना नको. बिलातून कापायचा टीडीएस हा मात्र वाढीव खर्च नव्हे. तो कंत्राटदाराच्याच पैशातून जातो.

पैसे देण्याचे टप्पेही दरात उतरतात. अर्धी रक्कम आगाऊ मागणारा दर कमी लावू शकतो, पण नंतर सोसायटीच्या हातात काही राहत नाही. बिलाचा ठरावीक हिस्सा रोखून ठेवण्याची अट करारात घालता येते. तो हिस्सा काम संपल्याच्या तारखेला न देता पहिला पावसाळा उलटल्यावर, पश्चिमेच्या भिंती आतून-बाहेरून पाहून द्यायचा, असे त्यात लिहून घ्यावे.