जॉन कोलमन : मेलबर्नचा गोलंदाज फुटबॉलपटू

मेलबर्न शहरीं फुटबॉल म्हटला, कीं आपल्याकडील फुटबॉल डोळ्यांपुढें आणून चालत नाहीं. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही तसाच लांबट. एका पक्षाचे गडी 18. आणि दोन्ही टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेनें चेंडू पार केला, कीं गोल होतो व 6 गुण मिळतात. बाजूच्या आंखूड खांबाकडून गेला, तर अवघा एक. लाथाडलेला चेंडू कोणी वरचेवर झेलला, तर त्यास निर्वेधपणें लाथ मारण्याचा हक्क लाभतो. या झेलास 'मार्क' म्हणतात. त्यापायीं तेथील गडी प्रतिपक्ष्याच्या खांद्यावर गुडघा टेकूनही वर झेपावतात.

कोलमनची कीर्ति याच झेपेची. 1928 सालीं पोर्ट फेअरी गांवीं जन्मलेला हा तरुण 1949 सालीं एसेंडन संघाकडून पहिला लीग-सामना खेळला, आणि हॉथॉर्नविरुद्ध त्यानें एकट्यानें 12 गोल केले! त्या हंगामाच्या अंतिम सामन्यांत, कार्लटनविरुद्ध, त्याचे शंभर गोल पुरे झाले. पुढील वर्षीं 120. दोन्ही वर्षीं विजेतेपद एसेंडनचें.

अशा गड्यास नियमांत राहून अडविणें कठीण. सबब धक्काबुक्की त्याच्या वांट्यास नित्याची. 1951 सालीं निर्णायक सामन्यांच्या तोंडावर कार्लटनच्या हॅरी कॅस्परशीं त्याची हातघाई झाली. कोलमनचा ठोसा प्रत्युत्तरादाखल होता, असें चौकशींत पुढें आलें. तरीही दोघांवर चार-चार सामन्यांची बंदी पडली. कोलमनवांचून एसेंडन अंतिम सामन्यांत गीलाँगकडून हरला, तोही अवघ्या 11 गुणांनीं. दोन गोलांचेसुद्धां हें अंतर नव्हे, आणि हा गडी सामन्यास सरासरी पांचांहून अधिक गोल करणारा! एसेंडनच्या चाहत्यांनीं ही बंदी पुढें कधीं विसरली नाहीं, यांत नवल तें काय?

1952 सालीं पुनः शंभरी ओलांडली. 1954 सालीं फिट्झरॉयविरुद्ध 14 गोल, हा त्याचा उच्चांक. पण पुढच्याच सामन्यांत गुडघा निकामी झाला, आणि वयाच्या पंचविशींतच खेळ आटोपला. परतण्याचा प्रयत्न व्यर्थ गेला. एकूण सामने 98, गोल 537.

पुढें 1961 पासून तो एसेंडनचा प्रशिक्षक झाला. 1962 व 1965 सालीं त्याच्या हाताखालीं संघ जिंकला. 1973 सालीं, 44 व्या वर्षीं, त्याचें निधन झालें. लीगमधील सर्वाधिक गोल करणाऱ्यास 1981 पासून जें पदक देण्यांत येतें, तें कोलमनच्याच नांवाचें.