सुवर्णपदक कोणाचें?

चित्रपट पाहून घरीं परतल्यावर त्याविषयीं वाद घालणें हा आपल्या कुटुंबांतील एक निरुपद्रवी छंद आहे. कोणाचा अभिनय सरस, कोणाचें गाणें फिकें, याचे निकाल जेवणाच्या पंगतींत लागतात आणि ताक येईपर्यंत विसरलेहि जातात. परंतु एक वाद असा आहे कीं, मराठी घरांत तो बहुधा निघतच नाहीं. त्याचा निकाल आपल्या बाजूनें लागलेला असल्यामुळें तो पुन्हां उकरण्याची गरज कोणास वाटत नाहीं. आज तो मुद्दाम उकरावयाचा आहे; कित्येक वाचकांना व विशेषतः वाचक-भगिनींना तें रुचणार नाहीं, हें जाणून.

सरकारी पातळीवर चित्रपटांना पारितोषिकें देण्याचा उपक्रम १९५४ सालीं सुरू झाला. १९५३ सालच्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट म्हणून राष्ट्रपतींचें सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालें, आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ला गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्रावर समाधान मानावें लागलें. त्याच वर्षीं ‘फिल्मफेअर’नें आपलीं पारितोषिकें सुरू केलीं व त्यांत उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शन हे दोन्ही मान ‘दो बीघा जमीन’ला दिले. फ्रान्समध्यें कान येथील महोत्सवांतहि तो गौरविला गेला. ‘फिल्मफेअर’चा व्यवहार हिंदी चित्रपटांपुरता होता, तेव्हां हे दोन चित्रपट समोरासमोर उभे राहिले ते दिल्लींतच. तेथें आपला जिंकला. तो न्यायानें जिंकला काय, एवढाच प्रश्न आहे.

साने गुरुजींनीं तें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहून काढलें, हें सर्वांस ठाऊक आहे. तें आपल्या घरांत वाचलें जात नाहीं, तें आपल्या घरांत वाढतें. आजीनें मुलीला व मुलीनें आपल्या मुलाला तें वाचून दाखविलेलें असतें. पायांना माती लागूं नये म्हणून जपणाऱ्या श्यामला मनहि तसेंच जप म्हणून सांगणारी आई, पोहावयास न जाणाऱ्या श्यामला शिंपटीनें बडवून काढणारी आई, हे प्रसंग पडद्यावर येण्यापूर्वींच प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलेलें असतें. अत्र्यांचें अर्धें काम गुरुजींनीं करून ठेवलें होतें, असें म्हटलें तर तें निंदेनें म्हटलें असें समजूं नये. उरलेलें अर्धें वनमालाबाईंनीं केलें. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्यें इराणी सुंदरी झालेली ही अभिनेत्री कोंकणांतल्या दरिद्री घरची गृहिणी होते आणि कोठेंहि नटी वाटत नाहीं. छोट्या माधव वझ्यांचा श्याम हा तर लबाड, हट्टी, लाघवी असा खराखुरा मुलगा आहे. आदर्श बालकाचा पुतळा नव्हे. वसंत देसायांच्या संगीताविषयीं लिहावयाचें म्हणजे घरोघरच्या मुलांना जें तोंडपाठ आहे तेंच लिहिणें.

पण चित्रपट म्हणून पाहूं लागलें कीं अडचण येते. अत्रे हे नाटककार व वक्ते. त्यांचा चित्रपट शब्दांवर चालतो. एक प्रसंग, त्यांतून आईचा एक उपदेश, पुन्हां दुसरा प्रसंग, अशी ती माळ आहे. पुस्तकांत ती शोभते, कारण तेथें श्याम रात्रीमागून रात्र गोष्टी सांगत असतो. पडद्यावर तीच मांडणी एकसुरी होते. कॅमेरा बहुतेक वेळीं प्रेक्षागृहांतल्या चांगल्या खुर्चींत बसून पाहत आहे असें वाटतें.

‘दो बीघा जमीन’चें उलट आहे. १९५२ सालीं मुंबईंत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यांत बिमल रॉय यांनीं डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ हा इटालियन चित्रपट पाहिला आणि त्याचा ठसा त्यांच्यावर उमटला. सलील चौधरी यांच्या कथेवरून हृषीकेश मुखर्जी यांनीं पटकथा रचली. शंभू महतो या शेतकऱ्याची दोन बिघे जमीन जमीनदाराला गिरणी उभारण्यासाठीं हवी आहे. शंभू भांडींकुंडीं व बायकोच्या कानांतलें विकून पासष्ट रुपयांचें कर्ज फेडावयास जातो, तों वहींत आंकडा निघतो दोनशें पस्तीस! न्यायालय तीन महिन्यांची मुदत देतें, आणि तो मुलाला घेऊन कलकत्त्यास रिक्षा ओढावयास जातो. एम्. ए. झालेले, लंडनच्या बी. बी. सी.मध्यें काम केलेले बलराज सहानी त्यासाठीं कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखरीच रिक्षा ओढण्यास शिकले.

त्यांतला एक प्रसंग एकदां पाहिला कीं विसरतां येत नाहीं. एक शौकीन तरुण दुसऱ्या रिक्षांतून जाणाऱ्या आपल्या प्रेयसीचा पाठलाग करीत शंभूला अधिकाधिक पैशांचें आमिष दाखवून पळवितो; अखेर चाक निखळतें आणि माणूस कोसळतो. माणसानें माणसाला जुंपणें म्हणजे काय, हें तेथें धांवणाऱ्या पायांनीं सांगितलें आहे, व्याख्यानानें नव्हे. दोष याहि चित्रपटांत आहेत. नवऱ्याला शोधीत आलेली पार्वती अपघातांत सांपडावी आणि तिला नेण्यासाठीं नेमका शंभूच रिक्षा घेऊन यावा, हा योगायोग आपल्या जुन्या नाटक कंपन्यांनाहि लाजविणारा आहे.

आतां ज्या गोष्टीकडे आपलें लक्ष जात नाहीं तिच्याविषयीं. हे दोन्ही चित्रपट कर्जाचे आहेत. श्यामचें घराणें खोताचें. तें कर्जानें बुडतें. पुस्तक उघडून पाहा : सावकाराचा माणूस घरीं येऊन वाटेल तें बोलतो तेव्हां ती सोशीक माउली वाघिणीसारखी खवळते. पुढें घराच्या लिलावाची दवंडी गांवभर पिटली जाते. त्या घावांतून ती सांवरत नाहीं, आणि श्याम येऊन पोंचतो तेव्हां ती गेलेली असते. आपण मात्र ही कथा मुलांना सांगतांना पायांची माती सांगतों, शिंपटी सांगतों, आणि दवंडी वगळतों. संस्कार हा त्या घरांतला शेवटचा दागिना होता; बाकीचे कोणी व कसे नेले, हें विचारण्याचा प्रघात आपल्याकडे नाहीं. चित्रपटानेंहि आपल्याला तें विचारावयास लावलें नाहीं. त्यानें आपल्याला रडविलें, आणि रडून हलकें होऊन आपण घरीं आलों. बिमल रॉय रडूं देतात, पण हलकें होऊं देत नाहींत.

यावर घरांतील वडील मंडळी म्हणतील कीं, पारितोषिकाचा हेतु केवळ कलेचा नव्हता. शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्यहि पाहावयाचें होतें, आणि त्या बाबतींत ‘श्यामची आई’ला जोड नाहीं. हें खरें आहे. शिवाय, पहिलेंच राष्ट्रीय पदक हिंदी चित्रपटास न जातां एका प्रांतभाषेच्या चित्रपटास गेलें, यांत दिल्लीचा मोठेपणाहि होता व तो पुढें बंगाली, मल्याळी, कानडी चित्रपटांच्या उपयोगीं पडला. तरीहि मजकडे मत असतें तर सुवर्णपदक मीं ‘दो बीघा जमीन’लाच दिलें असतें, आणि वनमालाबाईंसाठीं निराळें पदक मागितलें असतें. सांस्कृतिक मूल्य म्हणजे आपल्या ओळखीची संस्कृति, एवढाच अर्थ घ्यावयाचा असेल तर गोष्ट वेगळी. बिहारी-बंगाली कुळाचें दुःख आपल्या मुलांनीं पाहणें हें शिक्षण नव्हे काय?

अत्र्यांच्या पुढच्याच चित्रपटास, ‘महात्मा फुले’स, दुसऱ्या वर्षीं मराठीतील सर्वोत्कृष्ट म्हणून रौप्यपदक मिळालें. तो मात्र आपल्या घरांतून ‘श्यामची आई’इतका पाहिला गेला नाहीं, कां, तें प्रत्येक घरानें आपल्याशींच ठरवावें. सुवर्णाचा मान मराठीकडे परत यावयास तब्बल पन्नास वर्षें लागलीं : २००३ सालच्या पारितोषिकांत तो ‘श्वास’ला मिळाला. त्यांत कोंकणांतला एक आजा नातवाचे डोळे दाखविण्यासाठीं शहरांतल्या इस्पितळांत येतो, आणि त्या गर्दींत भांबावून उभा राहतो. कलकत्त्याच्या फुटपाथवर मुलाचा हात धरून उभा असलेला शंभू महतो त्याला ओळखल्यावांचून राहिला नसता.