तीन भिंगे, एक हिशेब

कॅमेऱ्याची भिंगे घरातल्या भांड्यांसारखी असतात. रोजच्या वापरात राहतात ती दोनच! माझ्याजवळ होती तीन. ७०-३०० मिलिमीटरचे पक्ष्यांसाठी नामी. पण मी टिपतो घरची माणसे. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या भिंगाला बुरशी धरते नि काचेवरचा लेप खाते. ते विकले. १८-५५ ठेवले, लहानशा खोलीत सारे गोत १८ वरच मावते. ५० तर ठेवलेच! एफ/१.८ चे त्याचे छिद्र इतका प्रकाश घेते, की समईच्या उजेडातही ८० वर्षांच्या आईचा चेहरा उमटतो. आता नवे कोणते घ्यावे? सौभाग्यवती म्हणाली, "आधी आईंचे फोटो कागदावर छापून आणा. त्यांना हातात धरून पाहायचेत." विक्रीचे पैसे तिकडेच गेले. सत्कारणी लागले!