पांच जागांची पिक-अप आणि नऊ माणसांचें घर

अमरावती-अकोल्याकडील ज्या सुशिक्षित घरांत नोकऱ्या आल्या तरी शेती सुटलेली नाहीं, अशा घरांतून गेल्या कांहीं वर्षांत एक नवाच वाद ऐकूं येऊं लागला आहे. मोटार घ्यावयाची हें सर्वांस मान्य असतें. प्रश्न असतो तो मोटारीच्या जातीचा. धाकट्या भावाच्या मनांत पिक-अप भरलेली असते. पुढें चार दारांची बंद खोली, मागें उघडा हौदा, अशी ही गाडी संत्र्याच्या बागेंतही जाईल आणि लग्नाच्या मांडवापुढेंही शोभेल, असें त्याचें म्हणणें. वडील भाऊ किंमत विचारतात. घरांतील बायका विचारतात, "आम्ही बसावयाचें कोठें?" हा तिसरा प्रश्न बहुधा हंसण्यावारी नेला जातो. आमच्या मतें खरा प्रश्न तोच होय; आणि त्याचें उत्तर अंदाजानें न देतां मोजपट्टी हातीं घेऊन दिलें पाहिजे.

वऱ्हाडांत पूर्वी ह्या दोन कामांस दोन वाहनें असत. कापूस, कडबा, तुरीचीं पोतीं हीं बंडींतून जात. घरच्या बायकामुलांस माहेरीं, जत्रेस किंवा स्टेशनावर पोंचवावयाचें झाल्यास दमणी जुंपली जाई. दमणीस छप्पर असे, आंत गादी असे. ज्या घरीं दमणी नसे तेथें बंडीवरच आडोसा बांधून वेळ निभावून नेत. परंतु बंडी म्हणजेच दमणी, असें कोणी म्हणत नसे. आजच्या पिक-अपनें मात्र बंडी आणि दमणी ह्यांचा संसार एकाच चौकटीवर थाटला आहे, आणि दोघींच्या वाट्यास किती जागा आली हें पाहण्याचें काम गिऱ्हाइकावर सोडलें आहे.

ह्या संसाराची कल्पना प्रथम एका स्त्रीनें सुचविली, अशी एक मौजेची हकीकत ऑस्ट्रेलियांत सांगतात. व्हिक्टोरिया प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या पत्नीनें १९३२ च्या सुमारास फोर्ड कंपनीस पत्र लिहून विचारलें कीं, रविवारीं कपडे न भिजतां प्रार्थनामंदिरांत जातां येईल आणि सोमवारीं डुकरें बाजारांत नेतां येतील, अशी एकच गाडी कां मिळूं नये? त्या कंपनीच्या जिलाँग येथील कारखान्यांत ल्यू बँट ह्या तरुण रचनाकारानें तशी गाडी आंखली व १९३४ सालीं ती रस्त्यावर आली. परंतु तिच्यांत बसण्याची ओळ एकच होती. नवराबायकोची सोय झाली. सासूची झाली नाहीं.

आपल्याकडे ह्याच्या उलट घडलें. टाटांनीं १९८८ सालीं टाटामोबाइल ही पिक-अप काढली आणि पुढें तिच्याच पायावर १९९४ सालीं सुमो उभी केली. सुमंत मुळगांवकर ह्यांच्या नांवाआडनांवांचीं आद्याक्षरें घेऊन हें नांव ठेविलें होतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. उघड्या हौद्याच्या जागीं छप्पर आलें, समोरासमोर बांकें आलीं, आणि जी चौकट माल वाहात होती ती दहा माणसें वाहूं लागली. सुमोचें उत्पादन २०१९ सालीं बंद झालें. तथापि शेगांवच्या वारीस, साखरपुड्यास, नाहीं तर रात्रीबेरात्रीं नागपूरच्या इस्पितळांत जाण्यास ती दारांत उभी राहिल्याची आठवण वऱ्हाडांतील किती तरी घरांत अद्याप निघते. तीमधील मागचीं बांकें सुखाचीं होतीं असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण कोणास मागें ठेवून जावें लागत नसे.

हीच गोष्ट आजच्या गाड्यांच्या मापांत स्पष्ट दिसते. टोयोटाची हायलक्स ही पिक-अप २०२२ सालीं हिंदुस्थानांत आली. तिची लांबी ५३२५ मि.मी., म्हणजे जवळजवळ साडेसतरा फूट. तिच्या आधीं, २०१६ सालीं, इसुझूची व्ही-क्रॉस आली. तीही ५२९५ मि.मी. भरते. दोघींतही जागा पांच. आतां त्याच टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा घ्या: लांबी ४७३५ मि.मी., जागा सात किंवा आठ. फॉर्च्युनर ४७९५ मि.मी. आणि जागा सात. हायलक्स, इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनर ह्या तिघींचा सांगाडा मुळांत एकाच घराण्याचा आहे. मारुतीची अर्टिगा तर अवघी ४४०० मि.मी.च्या आसपास लांब असून सात माणसें घेते. म्हणजे हायलक्स तिच्याहून तीन फूट लांब आणि दोन माणसांनीं लहान! लांबी कोठें गेली हें उघड आहे. सुमारें पांच फूट लांबीचा हौदा तिनें गिळला. मोठी गाडी म्हणजे मोठी जागा, ही समजूत इतर मोटारींत बहुधा खरी ठरते. पिक-अपमध्यें ती साफ खोटी ठरते.

पांच माणसांचें घर असेल तर मग हरकत काय, असें कोणी विचारील. त्यासाठीं मागच्या आसनाकडे जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे. साध्या मोटारींत मागच्या आसनाच्या पाठीमागें सामानाची पेटी असते. म्हणून पाठ टेकावयाची बाजू मागें कलती ठेवतां येते. पिक-अपमध्यें त्या आसनामागें लगेच खोलीची भिंत येते व भिंतीपलीकडे हौदा सुरू होतो. त्यामुळें पाठ ताठ राहते. शिवाय खोली लोखंडी सांगाड्याच्या वर बसविलेली असल्यामुळें पायांखालची जमीन उंच येते आणि तिच्या मानानें आसन ठेंगणें पडतें. गुडघे वर येतात, मांड्या आसनावर नीट टेकत नाहींत, आणि शरीराचा सगळा भार बैठकीवर पडतो. शाळेच्या बाकावर पहिल्या तासास कोणी कुरकुरत नाहीं; तिसऱ्या तासास सर्व वर्ग चुळबुळूं लागतो. तसाच प्रकार येथें होतो. दुकानापुढें पांच मिनिटें बसून पाहणाऱ्यास तो कळत नाहीं.

अमेरिकेंत पिक-अपमधून सहकुटुंब फिरण्याचा प्रघात मोठा आहे, आणि तेथील चित्रें पाहून आपल्याकडील तरुणांस भुरळ पडते. परंतु त्या चित्रांतील गाडी बहुधा वरच्या आकाराची असते. फोर्डच्या एफ-१५० ह्या गाडीच्या मोठ्या खोलीच्या प्रकारांत मागच्या माणसाच्या पायांसाठीं ४३.६ इंच जागा धरलेली आहे. मध्यम आकाराच्या टोयोटा टॅकोमामध्यें, अगदीं २०२४ च्या नमुन्यांतही, हा आंकडा ३३.७ इंच आहे. दोहोंत सुमारें दहा इंचांचें अंतर पडलें. आपल्याकडील हायलक्स व व्ही-क्रॉस ह्या टॅकोमाच्या पंक्तीच्या आहेत, एफ-१५० च्या नव्हेत.

अमरावतीस अंबागेटच्या आंत राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा वाद चांगला महिनाभर चालला. घरांत ऐंशी वर्षांच्या आजी, दोघे भाऊ, दोघी जावा आणि चार मुलें. धाकट्या भावांनीं गाडी फेरीसाठीं दारीं आणविली. आजी नऊवारी नेसणाऱ्या. गाडीची जमीन त्यांच्या गुडघ्याच्याही वर आलेली. खालीं पायरी होती, परंतु अरुंद. एका हातानें ओचा सांवरावा कीं दांडा धरावा, हें त्यांस समजेना. शेवटीं नातवानें मागून आधार दिला. बसल्यावर त्या म्हणाल्या, "चढले हो, पण उतरवणार कोण?" फेरी बडनेऱ्यापर्यंत झाली. परत आल्यावर धाकटे भाऊ रंग कोणता घ्यावा हें विचारूं लागले, तेव्हां थोरल्या वहिनींनीं शांतपणें सांगितलें, "भाऊजी, तुम्ही एकदां मागें मधल्या जागीं बसून बडनेऱ्यास जाऊन या, मग आपण रंगाचें बोलूं." ते गेले. परत आल्यावर रंगाचा विषय निघाला नाहीं.

आम्हांस ह्या वहिनींची परीक्षा फार आवडली. गाडीची निवड करणारा मनुष्य पुढें बसतो आणि त्या निवडीचा भोग मागें बसणारास असतो, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. ती गाडीपुरतीच आहे असेंही नाहीं. जो सर्वांत उंच गाडी चालविणार त्याच्या सोईप्रमाणें पुढचें आसन मागें सारावें, त्यामागें घरांतील थोर माणसास बसवावें, दोघांमध्यें तिसऱ्यास घ्यावें, आणि अर्धा तास तरी फिरावें. तेंही वैशाखांतील दुपारीं. अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो तेव्हां पुढच्या दोघांस गारवा लागून मागचे तिघे घामाघूम होतात कीं काय, हें दिवाळींत गाडी पाहून कळणारें नाहीं.

रस्त्याचाही विचार आहे. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा एके काळीं खड्ड्यांसाठीं प्रसिद्ध होता. जून २०२२ मध्यें तेथेंच १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी पट्टा अंथरून गिनीज बुकांत नोंद झाली. अशा रस्त्यावर पिक-अपचे दोष फारसे बोंचत नाहींत. मूर्तिजापूर सोडून आंतल्या गांवाकडे वळलें, किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढूं लागलें, कीं फरक कळतो. पिक-अपच्या मागच्या चाकांवर कमानपाटे असतात. ते ओझें पेलण्यासाठीं ताठ केलेले. हौद्यांत पोतीं असलीं म्हणजे गाडी शांत चालते. हौदा रिकामा असला कीं मागची बाजू उडते, आणि सहलीस जातांना हौदा जवळजवळ रिकामाच असतो! इनोव्हा किंवा फॉर्च्युनरच्या मागच्या बाजूस गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत त्या ह्याचसाठीं.

सामानाविषयीं मात्र पिक-अपचें कौतुक केलें पाहिजे, आणि तेंही हात राखून. संत्र्यांचे क्रेट, खताच्या गोण्या, पाण्याची मोटर, चिखलानें भरलेलीं अवजारें हीं माणसांच्या खोलींत येत नाहींत. खताचा वास बाहेरच राहतो. पण तोच हौदा प्रवासाच्या बॅगांस धूळ आणि पाऊस ह्यांच्या स्वाधीन करतो. झांकण बसवून घ्यावें लागतें आणि त्यास कुलूपही लागतें, नाहीं तर वाटेंत चहास उतरणें कठीण. आंत बसलेल्यांच्या पाठीमागें एक पिशवी ठेवण्याइतकीही जागा नसते. पाण्याच्या बाटल्या, डबे, लहान मुलाचें दुपटें हें सर्व पायांशीं येतें.

आतां ज्यावर आम्ही सर्वांत अधिक जोर देऊं इच्छितों ती गोष्ट. जागा पांच आणि माणसें नऊ झालीं, म्हणजे उरलेल्या चौघांचें काय होतें, हें वऱ्हाडांतील कोणत्याही रस्त्यावर दिसतें. मोठीं मुलें हौद्यांत बसतात. "जवळच तर जावयाचें आहे" हें त्याचें समर्थन. हौद्यांत आसन नाहीं, पट्टा नाहीं, धरावयास कड तेवढी. आणि गाडी अचानक थांबली तर मूल बाहेर फेंकलें जाण्यास वेगही फार लागत नाहीं. मागच्या आसनावरही पट्टा बांधणें कायद्यानें आवश्यक असतां, ज्यास आसनच नाहीं त्याची गोष्ट काय बोलावी? मालवाहू गाडींत फुकट बसलेल्या प्रवाशाच्या नुकसानभरपाईचें बंधन विमा कंपनीवर नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें आशा राणी खटल्यांत २००२ सालीं दिलेला आहे. बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धा ह्यांसारख्या दुहेरी खोलीच्या गाड्या मुख्यतः मालवाहू म्हणूनच विकल्या जातात, म्हणून त्यांच्या मालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. पांढऱ्या पाटीच्या गाडीसही नोंदणींत पांचच जागा लिहिलेल्या असतात. महालक्ष्म्यांस सारें घर एकत्र येतें, तेव्हां ह्या पांचांत कोण बसणार आणि कोण हौद्यांत जाणार हें ठरविण्याची पाळी ज्या घरावर येईल, त्या घरानें ही गाडी घेऊं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

नवराबायको, दोन मुलें आणि बागेंत नित्य फेरी असणारें घर असेल, तर ती चांगली उपयोगी पडेल. व्ही-क्रॉस काय किंवा हायलक्स काय, ती वीस लाखांच्या वर जाते आणि जुन्या गांवांतील बोळांत तिला वळवून घेण्यास कसब लागतें. हें सोसत असेल तर आमची हरकत नाहीं. परंतु बाग आहे म्हणून पिक-अप हवी, हा युक्तिवाद एकदां हिशेबाच्या वहीवर घासून पाहावा. वरूड-मोर्शीकडे पुष्कळ बागाइतदार आपला बहार झाडावरच व्यापाऱ्यास देतात. तोडणी त्याची, गाडीही त्याची. कापूस जिनिंगवर नेण्यास भाड्याचें वाहन मिळतें. वर्षांतून स्वतःच्या हौद्याची खरी गरज किती दिवस पडते, हें मोजलें तर बोटें पुरतात.

अंबागेटांतील त्या घरीं अखेर सात जागांची गाडी आली. तिसऱ्या ओळींत मुलें बसतात आणि तेथील जागा तोकडी आहे म्हणून रोज भांडतात. खत आणावयाचें असलें म्हणजे धाकटे भाऊ शेजारच्या गांवांतून पिक-अप भाड्यानें बोलावतात, आणि तिच्या चालकाशेजारीं, पुढें, मोठ्या ऐटींत बसून जातात.